घरातली पहिली इंजिनिअर

मी काही फार चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. तोंडानं फटकळ आहे, आणि समोरचा माणूस रेंगाळला की माझं डोकं फिरतं. पर्सी, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "क्वीनी, तू बोलायला लागलीस की शेजारचे खिडक्या लावून घेतात." म्हणू दे. पण रावसाहेब ढवळ्यांच्या बाबतीत मी जे केलं ते फटकळपणानं नाही केलं. चांगुलपणानं केलं, आणि तेच मला खात बसलंय.

टोरांटोतल्या एका युनिव्हर्सिटीत, इंजिनिअरिंगच्या ऑफिसात, मी काउंटरवर बसते. अठरा वर्षं झाली. उन्हाळ्यात आमच्याकडं सहा आठवड्यांचा एक वर्ग चालतो. बारावी झालेली, इंजिनिअरिंगला निघालेली, पण गणित-फिजिक्सला जरा कच्ची अशी मुलं घ्यायची, त्यांचं कॅलक्युलस पक्कं करायचं, लॅबमध्ये हात घालायला शिकवायचं, म्हणजे सप्टेंबरात ती बुडत नाहीत. तीस जागा, फी नाही. आणि ज्यांचे मार्क अटीपेक्षा थोडे कमी पडलेत, त्यांनी हा वर्ग पास केला तर त्यांची अ‍ॅडमिशन टिकते. नाही केला तर गेली. या वर्गाला एकच मोठी अट आहे. मूल कॉलेजात जाणारं घरातलं पहिलं पाहिजे. आईबापांपैकी कुणीही, कुठल्याही देशात, कॉलेज पूर्ण केलेलं चालत नाही.

जूनचा दुसरा आठवडा होता. काउंटरवर एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात बटण लावायची प्लास्टिकची फाईल. मागं एक मुलगी, कानात इअरफोन, चेहऱ्यावर 'मी यांच्याबरोबर नाही' असा भाव. गृहस्थांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला आणि एकदम मराठीत विचारलं, "पेणकर? मॅडम, तुम्ही पेणच्या का?"

"नाव पेणचं, मी ठाण्याची," मी म्हटलं. "आणि तुम्ही पुढचं विचारायच्या आत सांगते, पारशी नाही, ख्रिश्चन नाही, ज्यू आहे. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे ना आमचे लोक."

"म्हणजे तुम्हाला पण जातीनं सोडलं नाही तर!" असं म्हणून ते इतके मोकळे हसले, की मागच्या रांगेतला चिनी मुलगाही हसला. मग म्हणाले, "जय भीम. मी रावसाहेब ढवळे. परभणीचा. ही माझी पोरगी, प्रीती." प्रीतीनं दोन बोटं हलवली.

त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. प्रीतीला फिजिक्सला एकाहत्तर पडले होते, अट पंच्याहत्तरची होती, आणि चार मार्कांसाठी तिची अ‍ॅडमिशन आमच्या वर्गावर येऊन लटकली होती. फॉर्म एका पानाचा, पण त्याला टाचलेलं बाड चांगलं बोटभर जाड होतं.

"हे काय जोडलंय?"

"ट्रू कॉपीज. डिग्री, आठही सेमिस्टरच्या मार्कशिटा, पॉलिटेक्निकात अकरा वर्षं शिकवल्याचं पत्र. प्रत्येकावर सही केलीय. ओरिजिनल पण आणलेत, बघायचे असतील तर."

"पण मागितलंय कुणी?"

"अहो, मागत नसतात. मागाहून अडवत असतात," ते म्हणाले. "आपण आधीच देऊन मोकळं व्हावं."

मी फॉर्म उघडला. 'वडिलांचं शिक्षण' या रकान्यात मोठ्या, गोल, मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: बी.ई. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, १९९६. खाली 'आईबापांपैकी कुणी कॉलेज पूर्ण केलंय का?' या चौकटीत 'हो'वर अशी ठसठशीत खूण, की पेन कागदाच्या आरपार गेलं होतं. त्यांना वाटलं होतं, बाप इंजिनिअर आहे, घरी शिकवणारं माणूस आहे हे कळलं की पोरीला पहिल्यांदा घेतील. आमच्याकडच्या माणसाला हेच वाटणार! जन्मभर एकेक दाखला जोडून जागा मिळवलेला माणूस, त्याला कसं सुचावं की इथं दाखला जोडला की जागा जाते?

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं शिक्का मारून कागद आत सरकवला असता. मी काउंटरचं दार उघडून बाहेर आले, त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं आणि समजावलं. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. "रावसाहेब, तुम्ही स्वतःच्या हातानं पोरीच्या पायावर धोंडा घातलाय! हा कागद आत गेला की संपलं."

"म्हणजे बाप अडाणी पाहिजे?"

"अडाणी नाही हो. कॉलेज केलेला नको."

"एकच झालं की." ते असे तापले, की पलीकडच्या ऑफिसातून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. "तेरा वर्षं झाली ताई मला या देशात. इथं माझी डिग्री डिग्री नाही म्हणून मला तिकडं वॉन गावातल्या वेअरहाऊसात घातलं. आता डिग्री आहे म्हणून पोरीला बाहेर काढायलेत. एकदा काय ते ठरवा म्हणावं!"

खरं होतं. मी आत गेले, कोरा फॉर्म आणला, त्यांच्या हातात दिला. "शुक्रवारी चारपर्यंत मुदत आहे. 'नाही'वर खूण करायची, सही करायची, हे बाड घरी ठेवायचं. कोण येतंय परभणीला चौकशी करायला?" हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं, दिवसाढवळ्या.

मला त्यात काही वाटलंच नव्हतं, हे समजून घ्या. आम्हा लोकांचं आयुष्य रकान्यांच्या बाहेर गेलेलं. शाळेत बाई विचारायच्या, धर्म? 'ज्यू' म्हटलं की, म्हणजे काय? मग मी कधी ख्रिश्चन झाले, कधी पारशी झाले. ठाण्यात भाड्यानं घर बघताना एका घरमालकिणीसाठी तर माझी आई चक्क सीकेपी झाली होती, आणि वर्षभर त्या बाईला मासे तळून घालत होती. आमच्या लेखी फॉर्म म्हणजे समोरच्याच्या समाधानासाठी भरायची गोष्ट. रावसाहेबांचं तसं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी सल्ला देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. नाईट शिफ्टला जोडून ओव्हरटाइम करून थेट, पायात लोखंडी टोकाचे बूट. माझी जेवणाची सुट्टी होती. बाकावर बसलो, मी डब्यातलं घावन त्यांना दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं आणि बोलत राहिले.

त्यांचे वडील जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. वाचता येत नव्हतं. मुलाची पहिल्या वर्षाची मार्कशीट आली तेव्हा ती त्यांनी खिशात घातली आणि परभणीच्या बाजारात चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतली. चारही जणांनी एकच सांगितलं, तेव्हा घरी आले. कॉलेजात रावसाहेबांना पोरं 'कोट्यातला' म्हणायची. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासताना एकानं विचारलं होतं, तुला पस्तीसला पास करतात का चाळीसला? फर्स्ट क्लास आला तेव्हा तोच म्हणाला, तुमच्यासाठी पेपर पण वेगळा असेल. "मी त्याला काहीच बोललो नाही, ताई," रावसाहेब म्हणाले. "मी डिग्री घेतली आणि आलो. डिग्री असली की बोलावं लागत नाही, असं मला वाटायचं."

मग कॅनडा. इंजिनिअरचं लायसन्स मागितलं तर म्हणाले, परीक्षा द्या. दिल्या. रात्रभर फोर्कलिफ्ट चालवून दिवसा दिल्या, सगळ्या पास. मग म्हणाले, इथला कामाचा अनुभव आणा. अनुभवासाठी जिथं गेले तिथं म्हणाले, आधी लायसन्स आणा. दोघांमध्ये ते पाच वर्षं फिरले, नंतर फिरायचे थांबले. पण लग्नपत्रिका असो, मंडळाची वर्गणी असो, एटोबिकोच्या त्यांच्या घराबाहेरची टपालपेटी असो, जिथं नाव तिथं पुढं बी.ई. दर रविवारी लायब्ररीच्या खोलीत आंबेडकर मंडळाच्या पोरांना ते फुकट गणित शिकवायचे. फळ्यावर पहिल्या दिवशी नाव लिहायचे, ढवळे सर, बी.ई. पोरं हसायची. हसू देत, म्हणायचे.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "अख्खं आयुष्य लोक म्हणत आले, याची डिग्री खरी नाही. तिकडचे म्हणाले, इकडचे म्हणाले. आजवर मी तेवढा 'खरी आहे' म्हणत होतो. आता मी पण 'नाही' लिहायचं? सही करून?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मला रागही आला, कारण त्या पोरीचे चार मार्क माझ्या डोळ्यांपुढं होते. "हे बघा," मी म्हटलं, "तुमचा मान मोठा का पोरीचं आयुष्य मोठं? तुमच्या वडिलांनी काय केलं असतं?" वडिलांचं नाव काढायला नको होतं. कुठं मारलं की माणूस पडतो हे फटकळ बायकांना बरोबर कळतं. रावसाहेब उठले, न खाल्लेलं घावन रुमालात बांधलं आणि गेले.

शुक्रवारी पावणेचार वाजले तरी पत्ता नाही. मी शब्बाथच्या स्वयंपाकाला लवकर निघते शुक्रवारी, पण त्या दिवशी बसून राहिले. दहा मिनिटं उरली असताना बाप-लेक आली. रावसाहेबांची बायको बेबीताईही बरोबर होत्या, डेकेअरच्या एप्रनमध्येच. फॉर्म काढला तर सगळा भरलेला, फक्त वडिलांच्या शिक्षणाचा रकाना, ती चौकट आणि सहीची जागा कोरी.

"घरी जमलं नाही," बेबीताई मला हळूच म्हणाल्या. "तीन दिवस टेबलावर पडून आहे. जेवण पण त्याच्या शेजारीच करायचे."

रावसाहेबांनी पेन काढलं. टोपण काढलं, परत लावलं. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. प्रीतीनं एक इअरफोन काढला आणि म्हणाली, "पप्पा, प्लीज. जस्ट टिक इट. इट्स अ बॉक्स."

ती वाईट मुलगी नाही. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तिच्यासमोर एक माणूस चार वाजायला चार मिनिटं कमी असताना पेनाशी खेळत होता. मी तिच्या जागी असते तर हिसकावून घेतलं असतं. रावसाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि 'नाही'वर खूण केली. 'हो'वर केली होती तशी ठसठशीत नाही, अगदी बारीक. सही केली. पुढं सवयीनं 'बी.ई.' लिहायला हात गेला, 'बी' लिहून झाला आणि थांबला. मी झटकन व्हाइटनर काढून तो 'बी' खोडून दिला. माझ्या ड्रॉवरमध्ये सगळं असतं.

प्रीतीला जागा मिळाली.

जुलैत वर्ग सुरू झाला. पोरगी नेटानं येत होती, मी बघत होते. चौथ्या आठवड्यात आमच्याकडं आईबापांचा दिवस असतो. कॉलेज न बघितलेल्या आईबापांना लॅब दाखवायची, म्हणजे त्यांना भीती वाटत नाही, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. समोसे असतात, पिझ्झा असतो. रावसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला मात्र पेन नव्हतं.

शिकवणारा एक तरुण पोरगा होता, पीएचडी करणारा, स्वभावानं अगदी गोड. मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल केले होते, त्यांना खालून वजनं लटकवायची आणि कधी मोडतो ते बघायचं. प्रीतीच्या गटाचा पूल टेबलावर आला. पोरानं विचारलं, यातली कुठली काडी आधी मोडेल? आईबाप हसले, कुणी बोलेना. तो रावसाहेबांसमोर वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं, हळू आणि मोठ्यानं म्हणाला, "सर? एनी गेस? देअर आर नो राँग आन्सर्स!"

मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. त्यांची नजर त्या पुलावर आल्याबरोबर डावीकडच्या एका तिरक्या काडीवर जाऊन बसलेली मी बघितली होती. अकरा वर्षं हेच शिकवलं होतं त्यांनी. ओठ उघडले. टेबलापलीकडून प्रीती त्यांच्याकडं डोळे मोठे करून बघत होती.

"आय डोन्ट नो," रावसाहेब म्हणाले.

पाचवं वजन लावलं आणि तीच काडी मोडली. पोरानं मग खिशातून रबरबँड काढला, ताणून दाखवला, दिस इज टेन्शन, मग स्पंज दाबून दाखवला, दिस इज कॉम्प्रेशन, ओके सर? रावसाहेब मान डोलवत होते. "व्हेरी गुड, व्हेरी गुड," म्हणत होते. माझ्या मनात आलं, तो स्पंज घ्यावा आणि त्या पोराच्या तोंडात कोंबावा. पण त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याच्या हातातल्या यादीत मीच टाइप केलं होतं, वडील: शिक्षण नाही.

नंतर मुलांची भाषणं झाली. प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, मी इथं कशी आले. प्रीती न अडखळता बोलली. "माय डॅड लिफ्ट्स बॉक्सेस इन अ वेअरहाऊस," ती म्हणाली. "ही नेव्हर गॉट द चान्स टु लर्न एनी ऑफ धिस. नोबडी इन माय फॅमिली डिड. आय अ‍ॅम द फर्स्ट." टाळ्या पडल्या. एक आफ्रिकन बाई तर डोळे पुसत रावसाहेबांकडं वळली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या म्हणून त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

पार्किंगमध्ये मी त्यांच्यामागं धावत गेले. गाडीच्या दाराशी उभे होते. मी म्हटलं, "मनावर घेऊ नका. पोरगी हुशार आहे, फॉर्मात जे लिहिलं तेच बोलली. वेळ मारून नेली तिनं."

"नाही ताई," ते म्हणाले. "मी शिकवलंय पोरांना. पाठ केलेलं बोलतंय का मनातलं बोलतंय, ते मला कळतं. ती ढोंग करत नव्हती." मग म्हणाले, "पाच वर्षांची होती आली तेव्हा. तिनं मला वेअरहाऊसच्या बुटातच बघितलंय."

मला ते पटलं नाही, म्हणजे पटवून घ्यायचं नव्हतं. मी तरातरा परत आले आणि प्रीतीला वॉशरूममध्ये गाठलं. "काय गं, तुझ्या वडिलांना किती लागलं असेल, माहितीय का? चार शब्द कमी बोलली असतीस तर?"

ती हात धूत होती. आरशातून माझ्याकडं बघून म्हणाली, "आंटी, यू टोल्ड अस टु." मग टॉवेल ओढता ओढता, अगदी साध्या आवाजात, "अँड इट्स बेसिकली ट्रू, नो?"

मी तशीच बाहेर आले. रावसाहेबांना मी हे कधीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती म्हणा.

ऑगस्टमध्ये प्रीती पास झाली. चांगली, अठ्ठ्याहत्तर टक्के. अ‍ॅडमिशन टिकली. बेबीताई बर्फीचा डबा घेऊन आल्या, मला मिठी मारली आणि तिथंच रडायला लागल्या. मला वाटलं आनंदानं. "रविवारचा वर्ग बंद केला हो यांनी," त्या म्हणाल्या. "पोरं आली होती लायब्ररीत. ह्यांनी दारातनंच सांगितलं, दुसरा कुणी शिकलेला माणूस बघा, मला येत नाही. एक बारकी पोरगी म्हणाली, सर, यू आर जोकिंग. तर म्हणाले, नाही बाळ. घरी प्रीती अडली तरी आता उठत नाहीत. पहिले ती नको म्हणायची तरी मागं मागं फिरायचे, मी सांगतो, मी सांगतो. आता ती ऑनलाइन कुणाला तरी विचारते आणि हे बेसमेंटमध्ये बसतात. टीव्ही पण लावत नाहीत, ताई. नुसते बसतात."

मी म्हटलं, मी फोन करते. केला. तीनदा केला. तिसऱ्यांदा उचलला. मी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हटलं, "रावसाहेब, असं करू नका. वर्ग सुरू करा. ती चौकट कुणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या," ते म्हणाले. रागानं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं. घरातल्या पहिल्या मुलांना आमच्याकडं एक शिष्यवृत्ती मिळते, तिचे फॉर्म दुसऱ्या आठवड्यात येतात. त्यावरही आईबापांचं प्रतिज्ञापत्र लागतं, तोच प्रश्न, तीच सही. प्रीतीचा लिफाफा माझ्याच ट्रेमध्ये आला. मी मनातून घाबरतच उघडला. म्हटलं, या वेळी माणूस 'हो' लिहितोय का काय! आणि खरं सांगते, लिहिलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते आणि गेली असती ती शिष्यवृत्ती खड्ड्यात.

'नाही'वर खूण होती. वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात काही लिहायची सक्ती नव्हती, तरी तिथं प्रीतीच्या अक्षरात, वडिलांनी सांगितलं म्हणूनच लिहिलं असणार, इंग्रजीत 'निरक्षर' असं लिहिलेलं होतं. आणि सहीच्या जागी सही नव्हती. अंगठा होता. डाव्या हाताचा, निळ्या शाईतला, स्वच्छ, एकही रेघ न पुसलेला अंगठा.

मी कागद तसाच धरून बसले. फोन उचलला, ठेवला, परत उचलला. त्यांनी पहिल्याच घंटीला घेतला.

"रावसाहेब, हे काय केलंत?"

"चालतं ना, ताई?" ते म्हणाले. त्या आठवड्यात दिवसपाळी होती, मागं फोर्कलिफ्टचा टुईं टुईं आवाज येत होता. "अडवलं तर नाही ना कुणी पोरीला?"

"अहो, पण अंगठा..."

"मग बरोबर आहे की. सही कशाची करू? वाचता येत नाही तो माणूस सही कशी करील? एकदा खोटं लिहिलं ते अर्धवट होतं. आता नीट झालं." मग म्हणाले, "ठेवतो. सुपरवायझर बघतोय."

शेजारच्या काउंटरवर नवीन मुलगी आहे, विशीची, कामाला चोख. मी कागद खाली ठेवला तशी ती वाकून बघायला लागली. तिनं असलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. "क्वीनी, व्हॉट इज दॅट? इज दॅट अ थंब?"

मला खरं सांगता आलं असतं. हा माणूस मेकॅनिकल इंजिनिअर आहे, फर्स्ट क्लास, इथल्या सगळ्या प्रोफेसरांच्या तोंडात मारील असं स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकवतो, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर त्या मिनिटाला प्रीतीची शिष्यवृत्ती गेली असती, तिच्या मागोमाग अ‍ॅडमिशन, आणि त्या माणसानं एवढं केलेलं सगळं मातीत. आणि हो, माझी नोकरीसुद्धा. तेही मनात आलं, लपवत नाही.

"त्याला लिहिता येत नाही," मी म्हटलं.

"ओ, दॅट्स सो सॅड," ती म्हणाली. तिनं नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि मला दाखवलं. सहीऐवजी अंगठा असला तर त्या माणसाला ओळखणाऱ्या एका साक्षीदाराची सही लागते, खाली तसा रकाना असतो. तिनं विचारलं, यांना ओळखणारं कुणी आहे का? मी पेन घेतलं आणि सही केली.